हॉटेलातला नाइटक्लब की गिरणीच्या आवारातला?

मुंबईत परदेशी डीजेच्या संगीतावर रात्र घालवायची असेल, तर पंचतारांकित हॉटेलातील नाइटक्लब आणि लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारातील क्लब असे दोन पर्याय समोर येतात. हॉटेलात खर्च अधिक होतो आणि पोशाखाचे नियमही काटेकोर असतात; मात्र दारातच टॅक्सी मिळते आणि सुरक्षारक्षकांचे लक्ष असते, हा मोठा दिलासा आहे. गिरणीच्या आवारात, जिथे एकेकाळी पाळ्यांचे भोंगे वाजत, एका क्लबात मन रमले नाही तर चालत दुसऱ्यात जाता येते, म्हणून निव्वळ नाचण्यासाठी मी त्यालाच झुकते माप देईन. तरीही २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारातील पबला लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला, हे मला विसरता येत नाही; त्यामुळे आत शिरताच बाहेर पडण्याची दुसरी वाट मी शोधतो आणि ती अडवलेली दिसली, तर परत फिरतो. वयाची अट दोन्हीकडे सारखीच आहे: बिअरसाठी २१, कडक मद्यासाठी २५ वर्षे. शेवटची लोकल चुकली, तर पहाटे चारच्या सुमारास पहिली गाडी सुटेपर्यंत टॅक्सीशिवाय गत्यंतर नसते.