दगडाला काठ नसतो

बजाण्याहून कच्छच्या छोट्या रणात गेलो, रानगाढवांचे कळप पाहिले, तेव्हापासून त्यांचं एखादं जुनं चित्र घरात असावं असं मनात होतं. मार्चमध्ये समाजमाध्यमावर जाहिरात दिसली: 'घुडखर, १८५०, अस्सल'. घुडखर म्हणजे रणातलं हेच रानगाढव. लॉर्ड डर्बींच्या नोज्ली हॉलमधल्या प्राणिसंग्रहावरच्या ग्रंथातलं पान, चित्रकार बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स. ग्रंथ खरा, हॉकिन्सही खरा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेतले डायनोसॉर त्यानेच घडवले. मी हे सगळं ताडून पाहिलं आणि निर्धास्त झालो. तपासायचं होतं पान, मी तपासला इतिहास.

फोनवर गृहस्थ जाणकारासारखा बोलला. "कडेला दाबाची चौकट बघा साहेब, नकलेत ती नसते." जुन्या छापाला तांब्याच्या पत्र्याचा दाब उमटतो, हे मीही कुठेतरी वाचलं होतं. यूपीआयने १८,५०० रुपये दिले. चित्र आलं, कडेने बोट फिरवलं तर खोलगट चौकट लागली. कागद पिवळट. "लगेच काचेत बसवून टाका, पावसाळ्यात बुरशी धरते," असंही त्याने बजावलं होतं. किती काळजी! फ्रेमवाल्याने मागून पट्टी मारली आणि परत करायची सात दिवसांची मुदत काचेमागेच संपली.

उभा जन्म छापखान्यात गेलेले शेजारचे काका चहाला आले. चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघत राहिले.

"हॉकिन्सचं म्हणतोस ना? म्हणजे शिळाछाप, दगडावरून घेतलेला. दगड सपाट असतो रे. हा पत्र्याचा काठ आला कुठून?"

फ्रेम उघडली. शिळाछापात भिंगाखाली खडू घासल्यासारखे वेडेवाकडे कण दिसतात, आणि रंग हाताने भरलेला असला तर कुठेतरी रेघेबाहेर जातोच. इथे गाढवाच्या पोटाखाली निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, रांगोळीच्या कागदासारखे ओळीत. साधं ऑफसेट, आजकालची यंत्रावरची छपाई. नोटा तपासायचा जांभळा दिवा मागच्या बाजूला धरला, तर कागद निळसर चमकला. तशी चमक आणणारी रसायनं कागदात आली ती विसाव्या शतकात. चौकट कोणीतरी मुद्दाम दाबून उठवलेली, माझ्यासारख्या अर्धवट वाचलेल्यांसाठी.

आणि प्राणी? गर्द तांबूस अंग, पोट पांढरंशुभ्र. तो तिबेट-लडाखकडचा क्यांग. रणातलं रानगाढव फिकट, वाळूच्या रंगाचं. मी ते समोर उभं पाहिलेलं, तरी.

विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "अस्सल म्हणजे अस्सलची प्रत, साहेब." मग नंबर ब्लॉक. जाहिरात गायब, आणि तिचा स्क्रीनशॉट मी घेतलेला नव्हता. तुम्ही पैसे देण्याआधी घ्या. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही. हातात पुरावा एवढाच, पैसे गेल्याची पावती.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका विक्रेत्याला म्हटलं, "रुपयाएवढ्या भागाचा भिंगातून फोटो पाठवा." त्याने किंमत आपणहून बावीस हजारांवरून नऊशेवर आणली.