मरीन टँकला घरचा एकच आरसीसीबी पुरतो का वेगळा आरसीबीओ घ्यावा

मरीन टँक म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांचा टँक लावताना स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कुठला, लाईट कुठली यावर आपण महिना-महिना घालवतो आणि करंटचा विषय मात्र वायरमन येईल तेव्हा बघू म्हणून सोडतो. गेल्या महिन्यात ओळखीतल्या दोघांनी एकच विचारलं, घरच्या डीबीत (मेन बोर्डात) आरसीसीबी आहेच की, मग टँकला वेगळा आरसीबीओ कशाला? आरसीसीबी म्हणजे करंट अर्थकडं गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, आरसीबीओ पण तेच करतो, शिवाय जादा लोडवरपण पडतो. दोन्ही मी वापरून झालोय, आधी तीन वर्षं घरचा एकच आरसीसीबी आणि आता दोन वर्षं झाली वेगळी लाईन, त्यामुळं जे बघितलंय ते सांगतो. टँक 4 फुटी, खाली कॅबिनेटमध्ये संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), फक्त मासे, कोरल नाही. घर कोल्हापुरात, राजारामपुरीत.

एकाच आरसीसीबीची बाजू तशी कमकुवत नाही. तो आधीच बसलेला असतो, वेगळा खर्च नाही, आणि टँकसोबत गिझर, वॉशिंग मशीन, किचन सगळंच त्याच्या पहाऱ्यात येतंय. भाड्याचं घर असेल, मालक डीबीला हात लावू देत नसेल किंवा टँक दीड-दोन फुटी असेल तर मी कुणाला उगाच खर्चात पाडणार नाही. आगीच्या दृष्टीनं पण तो काम करतोय. माणसाच्या जीवासाठी 30 मिलीअँपिअर गळतीचा लागतो, आगीसाठी 300 चा पण चालतो असं धरतात, कारण 230 व्होल्टवर 300 मिलीअँपिअर म्हणजे जवळजवळ 70 वॅट, एवढी उष्णता एका सॉकेटच्या कोपऱ्यात साठत राहिली की प्लास्टिक पेटायला वेळ लागत नाही. 30 वाला त्याच्या लई आधी लाईन तोडतो.

माझी अडचण झाली ती ट्रिपिंगची, म्हणजे तो सारखा पडायचा. ऐकायला किरकोळ वाटेल, पण माझ्यापुरता निकाल तिनंच लावला.

घरातला प्रत्येक एलईडी, कॉम्प्युटर, फ्रिज थोडी थोडी गळती अर्थला सोडतच असतोय, बिघाड नसला तरी. त्या सगळ्यांची बेरीज त्या एका आरसीसीबीवर पडते. आणि त्याच्यावर 30 लिहिलंय म्हणून तो बरोबर 30 लाच पडेल असं नसतंय, 15 च्या वर कधीपण पडू शकतो. त्यात आपल्याकडचा जून-जुलैचा पाऊस, भिंती ओलसर, गॅलरीतल्या होल्डरमध्ये पाणी, गिझरचं जुनं कॉइल. पडला की अख्खं घर अंधारात आणि त्याच्याबरोबर संपमधलं पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप बंद, टँकमधलं पाणी हलवणारा वेव्हमेकर बंद. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्यापेक्षा कमीच विरघळतोय, त्यामुळं पाणी फिरायचं थांबलं की माशांच्या हातात वेळ थोडा असतो. एका लग्नाला आम्ही सगळे गारगोटीला गेलो होतो, रात्री अकराला परत आलो तर घरात काळोख आणि मासे सगळे वर पाण्याला तोंड लावून. त्यातला यलो टँग मासा सकाळपर्यंत गेला. शोधल्यावर दोष निघाला गिझरमध्ये, टँकच्या एकाही वस्तूत काही नव्हतं.

त्या पावसाळ्यात असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी वायरमन म्हणाला, "सायेब, हे डायरेक्टच करून टाकूया, रोजची कटकट मिटंल." परत मासे जायला नकोत म्हणून मी हो म्हणालो. हे मुद्दाम लिहितोय, कारण माझ्या माहितीतल्या बऱ्याच घरांत आरसीसीबी असाच कधीतरी बायपास केलेला असतो आणि घरच्यांच्या लक्षातपण नसतंय.

पुढं ऑगस्टमध्ये घरात मासळीसारखा वास यायला लागला. आईला वाटलं टँकमध्ये मासा मेलाय. मी मोजले तर सगळे होते. वास कॅबिनेटमधनं येत होता, दार उघडलं तर आतल्या एक्स्टेन्शन बोर्डाजवळ नुसता हात नेला तरी धग लागत होती. मेन बंद करून हीटरचा तीन पिनी प्लग ओढायला गेलो तर तो निघेना, सॉकेटला चिकटलेला. निघाल्यावर बघितलं, पिनांच्या भोवती मिठाचा पांढरा थर, तिळाएवढे खडे, फेजच्या पिनपासून अर्थच्या पिनपर्यंत पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी रेघ आणि बोर्डाच्या मागचा प्लाय तळहाताएवढा करपलेला. माशाचा वास नव्हताच तो, सॉकेट-प्लगमधलं प्लास्टिक तापलं की तसाच वास येतोय. टँक असलेल्या घरात असा वास आला तर मासे मोजायच्या आधी बोर्ड बघा.

हे होतंय कसं तर स्किमरचे, संपमधले बुडबुडे फुटून बारीक तुषार उडतात, पाणी वाळून जातंय आणि मीठ मागं राहतंय. साधं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की आपोआप पाणी ओढून ओलं होतंय, आणि समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असल्यामुळं ते त्याच्यापण आधी ओलं व्हायला लागतंय. आपल्या पावसाळ्यात बंद कॅबिनेटमध्ये ते वाळणारच नाही. ओल्या मिठातनं करंट वाहतो, प्लास्टिक कणाकणानं करपत जातंय आणि एकदा का ती करपलेली वाट तयार झाली की मग मीठ वाळलं तरी त्या वाटेनं करंट जात राहतोय. एमसीबी पडतो तो जादा लोड किंवा शॉर्ट झाला तरच, त्याला यातलं काही कळत नाही, 16 अँपिअरच्या एमसीबीला एक-दोन अँपिअर म्हणजे नेहमीचा लोड. माझी रेघ अर्थपर्यंत पोचलेली, म्हणजे आरसीसीबी जागेवर असता तर त्यानं बहुतेक लई आधी लाईन तोडली असती. तो जागेवर नव्हता कारण गिझरसाठी पडून पडून आम्ही त्याला कंटाळलो होतो.

म्हणून आता टँकला दोन आरसीबीओ आहेत, दोन्ही 30 मिलीअँपिअरचे, 16 अँपिअर, सी कर्व्ह (पंप सुरू होतानाच्या क्षणभराच्या झटक्याला न पडणारे). आरसीबीओमध्ये एमसीबी आणि आरसीसीबी दोन्हीची कामं एकाच डब्यात होतात. एकावर रिटर्न पंप आणि लाईट, दुसऱ्यावर हीटर, स्किमर, वेव्हमेकर. हीटरची काच तडकली तर दुसरा पडेल पण रिटर्न चालू राहील. वेगळा छोटा डीबी, 2.5 स्क्वेअर एमएमची वायर, मजुरी धरून मला साडेसात-आठ हजार पडले. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण दोन वर्षांत टँकची लाईन एकदाच पडली आणि तेव्हा खरंच स्किमरच्या पंपाची वायर सोलवटली होती. लाईन पडली म्हणजे टँकमध्येच काहीतरी आहे हे लगेच कळतंय, म्हणून ती बायपास करायचा विचारपण मनात येत नाही.

एक चूक मात्र हमखास होतेय. वायरमन आरसीबीओची लाईन घरच्या आरसीसीबीच्या पुढून, म्हणजे त्याच्यातनं बाहेर पडलेल्या लाईनीतनं घेतात, मग गळती कुठंही झाली तरी दोन्हीतला कुठलाही पडू शकतो आणि पैसे वाया. लाईन आरसीसीबीच्या आधी, मेन स्विचपासून घ्यायची, आणि न्यूट्रलपण तिथूनच वेगळा. न्यूट्रल घरच्या बारवर (सगळे न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर) कॉमन केला की दोन्ही विनाकारण पडत राहतात.

आणि एक मान्य करायला पाहिजे, काही ठिकाणी आरसीसीबी आणि आरसीबीओ दोघंही आंधळे आहेत. सॉकेटची पत्ती ढिली पडून तापली तर गळती नसते, दोघांनाही दिसत नाही. दोन पिनी प्लगवर फेज ते न्यूट्रल अशी मिठाची वाट झाली तरी तेच. त्यामुळं कुठलंही घेतलं तरी बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढाच. माझा आता शेजारच्या भिंतीवर टँकच्या कडेपेक्षा वर आहे, प्रत्येक वायरीला बोर्डाच्या खाली झोळ दिलाय म्हणजे वायरीवरनं ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाला ठिबकतंय, प्लगपर्यंत चढत नाही. मल्टीप्लग एकपण नाही. महिन्यातनं एकदा मेन बंद करून सगळे प्लग काढून ओल्या फडक्यानं मीठ पुसतो, पूर्ण वाळले की परत लावतो.

टँक मी इन्व्हर्टरवर घेतला नाही, रिटर्नच्या लाईनवर लाईट गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप ठेवलाय. खरं बोलायचं तर तो आधी असता तर टँग वाचला असता आणि कदाचित मी एकाच आरसीसीबीवर राहिलोपण असतो. ज्यांना वेगळी लाईन जमणारच नाही त्यांनी निदान हा पंप तरी घ्यावा, म्हणजे आरसीसीबी काढायची वेळ येणार नाही.

वेगळी लाईन करून घेतली तर वायरमनला पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोरच घरच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. घर अंधारात जायला पाहिजे आणि टँक चालू राहायला पाहिजे. मग टँकच्या दोन्ही आरसीबीओंचं एकेक करून दाबा, दर वेळी फक्त तेवढीच बाजू बंद पडायला पाहिजे.