राऊटर बदलला, काटा अडखळला आणि माझे 31,500 रुपये गेले

मराठवाड्यात आमचा 60 टन क्षमतेचा सार्वजनिक भुईकाटा आहे. सोयाबीन-कापसाच्या हंगामात काटा अडला की ट्रकांची रांग कुठवर जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना माझी घाई समजेल. बाकीच्यांनी मला खुशाल मूर्ख म्हणावे.

वजन दाखवणारा इंडिकेटर काट्याशेजारच्या केबिनमध्ये आहे आणि पावती छापणारा कॉम्प्युटर साधारण 60 मीटरवरच्या ऑफिसात. इंडिकेटरचा आकडा बाहेर नेणारी आरएस-232 ची सिरियल केबल 15 मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, म्हणून 2019 मध्ये पुरवठादाराने केबिनमध्ये सिरियलचे इथरनेट करणारा, म्हणजे तो आकडा राऊटरच्या नेटवर्कवर पाठवणारा एक छोटा कन्व्हर्टर बसवला आणि त्याला नेटवर्कवरचा 192.168.1.50 हा कायमचा पत्ता दिला. तेव्हापासून कधी तक्रार नव्हती. दसऱ्यानंतरच्या पावसात वीज कडाडली, जुना राऊटर जळाला आणि इंटरनेटवाल्याच्या मुलाने नवा लावून दिला. दुसऱ्या दिवशी इंडिकेटरवर आकडा स्थिर असूनही कॉम्प्युटरवर तो गोठू लागला. मध्येच जोड तुटायचा, आपोआप यायचा, पुन्हा तुटायचा. रात्री मात्र सगळे सुरळीत चालायचे.

मूळ पुरवठादाराला फोन का केला नाही, असे घरच्यांनीही विचारले. वार्षिक देखभालीच्या 4,000 रुपयांवरून आमचे वाजले होते आणि मला त्याच्यासमोर नमते घ्यायचे नव्हते. म्हणून मोबाइलवर ‘काटा दुरुस्ती’ शोधले आणि सर्वांत वर जो नंबर आला तो लावला.

तासाभरात एक तरुण मोटरसायकलवर लॅपटॉप घेऊन हजर झाला. बोलणे गोड, खिशाला ओळखपत्र, त्यावर कोणाचा शिक्का आहे हे मी वाचले नाही. भेटीचे 1,500 रुपये त्याने आधीच घेतले. राऊटरचा पासवर्ड मागितला, जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, ती मिनिटभर नीट पाहिली आणि लॅपटॉप मिटून म्हणाला, “साहेब, इंडिकेटरचं पोर्ट कार्ड उडालंय.” म्हणजे आकडा बाहेर पाठवणारा आतला भाग. ज्याला कार्डावर संशय आहे तो राऊटरची यादी इतका वेळ कशाला पाहील, हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही. त्याने पक्कडीने वजनमापे खात्याचे शिशाचे सील कापले, इंडिकेटर उघडला, पाठमोरा बसून काहीतरी केले आणि 14,800 रुपये घेतले. जुने कार्ड मागितले तर “ते कंपनीला परत द्यावं लागतं” असे उत्तर मिळाले. बदललेला भाग हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हे मी माझ्या ट्रॅक्टरच्या मेकॅनिकला दहा वेळा ऐकवले आहे.

दोन दिवस काटा चालला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झाले. मग विजेच्या झटक्यापासून वाचवणारा म्हणून 6,200 रुपयांचा ‘सर्ज आयसोलेटर’ आला आणि त्यानेही भागले नाही तेव्हा काटा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या प्रोग्रामचे म्हणून 9,000 रुपयांचे ‘ड्रायव्हर लायसन्स’. एकूण 31,500. बिल म्हणून साध्या पावतीपुस्तकातला ‘सर्व्हिस चार्ज’ लिहिलेला कागद. त्यावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही.

खरी लाज पुढे आहे. याच दिवसांत माझा नववीतला मुलगा म्हणाला होता, “बाबा, मुनीमकाका जेवायला गेले की काटा बरा चालतो.” आम्ही सगळे हसलो, मुनीमही हसले. ते सकाळी साडेनऊला यायचे, त्यांचा मोबाइल वायफायला लागायचा आणि पाचेक मिनिटांत पहिला ट्रक अडकायचा. आज ते हसू आठवले की कान तापतात.

शेवटी अभिमान गिळून मूळ पुरवठादाराला फोन केला. त्याने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून 192.168.1.50 ला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी सतत हाक, चालू ठेवायला सांगितले आणि केबिनमधल्या कन्व्हर्टरची नेटवर्क वायर काढायला लावली. वायर माझ्या हातात लोंबकळत होती आणि ऑफिसातून मुलगा ओरडत होता, “बाबा, उत्तरं येतायत!” ती उत्तरे मुनीमांचा मोबाइल देत होता. जुना राऊटर 100 पासून पुढचे पत्ते वाटायचा, नवा 2 पासून वाटत होता, आणि त्याने 50 क्रमांक मोबाइलला देऊन टाकला होता. एकाच पत्त्यावर दोघे आले की जोड टिकणार कसा? राऊटरमध्ये पत्तेवाटपाची सुरुवात 100 केली, मोबाइलचे वायफाय बंद करून पुन्हा लावले, दोन मिनिटांत काम झाले, खर्च शून्य. राऊटर बदलल्यावर काही बिघडले तर आधी राऊटरकडे पाहा. इंडिकेटर त्या पावसात जळाला नव्हता, त्याचा आकडा तर डोळ्यांसमोर होता.

सील तुटलेले असल्याने परवानाधारक दुरुस्तीवाला बोलवावा लागला. त्याने 3,500 रुपयांत इंडिकेटर तपासला. ‘नव्या’ कार्डावरचे चकचकीत स्टिकर त्याने नखाने खरवडले, तर खाली मूळ कारागिराने निळ्या पेनाने लिहिलेली तारीख होती: 12/3/19.

यानंतर कार्यालयांचे दार ठोठावले. वजनमापे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी माझे ऐकण्याआधीच विचारले, “सील कुणाला विचारून तोडू दिलंत?” वैधमापन कायदा, 2009 नुसार परवान्याशिवाय वजनमापांची दुरुस्ती करता येत नाही, हे त्यांनी मला सुनावले, त्या विनापरवाना माणसाचा नंबर मी पुढे केला तर तो लिहून घ्यायला मात्र त्यांच्याकडे कागद नव्हता. फेरपडताळणीसाठी भरहंगामात काटा तीन दिवस बंद राहिला. पोलीस ठाण्यात “पैसे तुम्हीच दिलेत ना? ही दिवाणी बाब आहे” म्हणून वाटेला लावले. जुनेच कार्ड नवे म्हणून विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक नाही तर काय आहे, असे मी विचारले, तेव्हा साहेब बंदोबस्तावर असल्याचे कळले आणि ते पुढचे चार दिवस बंदोबस्तावरच होते. ग्राहक आयोगाचे म्हणाल तर वकिलांनी आधीच सावध केले: सेवा व्यापारी कामासाठी घेतली असेल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानत नाही, काम व्यापारी होते हे आधी समोरच्याने सिद्ध करायचे, पण ते झाले की उपजीविकेसाठीचा स्वयंरोजगार आहे हे तुम्हीच पटवून द्यायचे. म्हणजे लुटला गेलेला मी, आणि पुरावेही मीच द्यायचे. पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवली आहे. पोचपावती जपून ठेवा, माझ्याकडे सध्या तेवढेच आहे.

गेल्या सोमवारी त्याच तरुणाचा फोन आला. काटा बरा चालतोय ना, अशी आपुलकीने चौकशी करून त्याने 12,000 रुपयांत वर्षाचा करार करून टाकू म्हटले. मी आवाज चढवला नाही, सगळे बोलणे रेकॉर्ड केले आणि पेनड्राइव्हवर घालून ठाण्यात नेले. तिथे सांगितले, दोन प्रती आणा.