कानातले दाणे पावसाळ्यात टिकत नाहीत (सहा महिन्यांचा अनुभव)

परवा हेल्मेट धुवायला काढलं तर आतल्या स्पंजात कानाच्या ॲक्युपंक्चरचे चार दाणे सापडले. काळे, मोहरीएवढे, एकाला अजून पट्टीचा तुकडा चिकटलेला. बायकोला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, "पेरून बघ."

माझा प्रकार जुना आहे. फोंडा-पणजी बसमध्ये बाणस्तारीचा पूल आला की छातीत धडधड, तळव्यांना घाम, आणि आता आपलं काहीतरी होणार ही खात्री. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही वेळा नॉर्मल. मार्चअखेर मानसोपचारतज्ज्ञांनी चिंताविकार म्हणून गोळी सुरू केली. एप्रिलात ऑफिसातल्या एकानं कानाच्या ॲक्युपंक्चरचं नाव काढलं. डॉक्टर म्हणाले, करा हवं तर, पण गोळीला हात लावायचा नाही. आई म्हणाली, "कान पिळून भीती जात असती तर शाळेत असतानाच तू शूर झाला असतास."

दोन्ही कानांत ठरलेल्या बिंदूंवर पाच-पाच सुया: शेनमेन, सिंपथेटिक, किडनी, लिव्हर, लंग. ही पाचांची जोडणी मुळात न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलातली, व्यसन सोडवण्यासाठी बसवलेली. चिंतेसाठी ती मागाहून वापरात आली. सुई जाताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग कान तापून लाल होतो. अर्धा तास डोळे मिटून पंख्याखाली बसायचं, फोन बाहेरच्या टोपलीत. निघताना कानाच्या वरच्या त्रिकोणी खळग्यात, म्हणजे शेनमेनवर, वाकारिया नावाच्या रोपाचा दाणा पट्टीनं चिकटवून देतात. धडधडलं की तो दाबायचा.

पहिल्या चार बैठका सातशे रुपयांप्रमाणे घेतल्या. मे महिन्यात मला कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच तारे दिले असते. बाणस्तारीला दाणा दाबत बसायचो आणि पूल निघून जायचा. एकदा तर ओल्ड गोवा आल्यावर लक्षात आलं की पूल केव्हाच मागे पडला. त्याच भरात सहा हजारांचं दहा बैठकांचं पॅकेज घेतलं.

आणि पाऊस सुरू झाला.

पट्टीबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण तिच्याबद्दल कोणीच लिहीत नाही. उन्हाळ्यात ती पाच दिवस टिकते. जूनपासून दोन. गोव्यात जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथं नखावर मावेल एवढा गोंद काय तग धरणार? आंघोळीनंतर कडा सुटते, रेनकोटची टोपी ती उचलते, आणि बसस्टँडपर्यंत स्कूटरवर घातलेलं हेल्मेट उरलेलं काम करतं. नवी पट्टी लावायचे एकशे वीस रुपये वेगळे. नऊ वेळा भरले, एक हजार ऐंशी. "पॅकेजमध्ये धरा ना," म्हटलं तर काउंटरवरच्या मुलीनं छापील कागदावर बोट ठेवलं, बारीक अक्षरात 'पट्टी स्वतंत्र'.

सुया लावणाऱ्या मॅडमनी दुसरा उपाय सुचवला: कानात राहू द्यायची बारीक सुई, ती पडत नाही. मी नाही म्हटलं. कानाच्या कुर्च्येला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, तिथं जंतू शिरले तर बरं व्हायला जड जातं आणि कानाचा आकारही बिघडू शकतो. सोनारानं टोचावा तो पाळीला, तिथं मांस असतं. घामात आणि हेल्मेटच्या खाली आठवडाभर सुई ठेवायची हिंमत माझ्यासारख्या घाबरटात नाही.

मग ऑगस्टमधली ती सकाळ. पुलावर मी नेहमीप्रमाणे कान दाबला, श्वास सोडला, बरं वाटलं. ऑफिसात पोचलो तर शेजारचा म्हणतो, "आज कान मोकळा?" आरशात पाहिलं. दाणा नव्हता, फक्त गोंदाचा काळपट चौकोन. बहुतेक आदल्या दिवशीच पडला असावा. म्हणजे मी रिकामा खळगा दाबत होतो आणि उपाय चालला होता.

चिडून वाचायला बसलो. कानाचा नकाशा काढणारा पॉल नोझिए हा फ्रान्समधल्या लिआँचा डॉक्टर. 1950 च्या दशकात त्याच्याकडे कानाला डाग दिल्यानं कंबरदुखी थांबलेले रोगी आले, तिथून त्यानं कान म्हणजे उलटं बाळ, शरीराचा एकेक भाग कानाच्या एकेका जागी, अशी कल्पना मांडली. कानाच्या खोलगट भागात व्हेगस या नसेची फांदी येते, हे मात्र शरीररचनेतच आहे, आणि तीच नस हृदयाची गती उतरवते. 2001 मध्ये अमेरिकेत 55 जणांवर झालेल्या प्रयोगात 'रिलॅक्सेशन' नावाच्या बिंदूवर सुई लावलेल्यांची चिंता अर्ध्या तासानं आणि दुसऱ्या दिवशीही कमी भरली. ज्याच्या पट्टीवर मी पैसे घालवले, तो शेनमेन त्यांच्या मागे राहिला. पुन्हा हे सगळे धडधाकट लोक. ऑपरेशनच्या आधीच्या भीतीसाठी कानाच्या सुयांवर बऱ्यापैकी काम झालंय, पण वर्षानुवर्षांच्या चिंताविकारावरचा पुरावा फारच तोकडा.

शिवाय गोळीचा असर यायला काही आठवडे लागतात. मार्चअखेर सुरू केलेली गोळी एप्रिल-मेमध्येच लागू पडणार. कानाला दिलेल्या पाच ताऱ्यांतले किती गोळीचे, देव जाणे.

पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा रोज दिसतो, हात पसरून बाईवर झुकलेला. कांदोळीत जन्मलेल्या या माणसानं पॅरिसमध्ये सांगितलं होतं की संमोहनाची झोप आणणाऱ्याच्या हातातून कसलाही प्रवाह येत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात. पूर्वी बसमधून त्याच्याकडे पाहायचो. आता तो माझ्याकडे पाहतो.

तरी सोडलं नाही. बैठकीनंतर त्या रात्री झोप लागते, हे पॅकेजमधल्या आठही वेळा झालंय. सुया काढून नुसता अर्धा तास फोनविना बसवलं तरी लागेल का, हे घरी करून पाहिलं. घरात अर्धा तास कोणी बसू देत नाही. दाण्यांचं मात्र मी बदललं. फार्मसीतून पन्नासेक रुपयांचा मायक्रोपोर टेपचा रोल आणला आणि डब्यातली टपोरी मोहरी निवडून लावतो. तीही दोनच दिवस टिकते, पण पडली तर जीव कळवळत नाही.

तारे तीन. अर्धा पट्टीपायी कापणार होतो, पण अर्धा देता येत नाही.

पॅकेजमधल्या दोन बैठका शिल्लक आहेत. काउंटरवरची मुलगी म्हणते गणेश चवथीनंतर मुदत संपली. पावतीवर मुदत कुठंच छापलेली नाही, बारीक अक्षरातसुद्धा. बुधवारी पावती घेऊन जाणार आहे. आताच विचारानं धडधडतंय, मोहरी दाबून ठेवलीय.