बिदर एका दिवसात: किल्ला, बिदरी आणि अष्टूरचे घुमट

आमच्याकडचे लोक बिदरला जातात ते गुरुद्वाऱ्याला नाहीतर झरणी नरसिंहाला, दर्शन झालं की परत. आम्हीपण इतकी वर्षं तेच केलं. या वेळी आईला म्हटलं झरणी सकाळीच करू आणि बाकी सगळा दिवस गावाला देऊ. लातूरहून इतक्या जवळ हे सगळं आहे आणि आपण बघितलंच नव्हतं, याचं खरंच वाईट वाटलं.

किल्ल्यात घाईने शिरू नका, आधी खंदकापाशी थांबा. एकामागे एक तीन खंदक आहेत आणि मधल्या भिंती कुणी बांधलेल्या नाहीत, जांभा खोदत गेले आणि तेवढा खडक तसाच उभा ठेवला. आत सोळा खांब मशीद १४२३-२४ ची, म्हणजे बहमनींनी गुलबर्ग्याहून राजधानी इथं आणायच्याही आधीची. रंगीन महाल बऱ्याचदा कुलपात असतो, तेव्हा आत जाताच चौकशी करा, सोडू मात्र नका. काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून वेली काढल्यात, आपण जरा सरकलो की त्यांचा रंग बदलतो.

तटाच्या आतल्या जुन्या गावात बहमनींचा वजीर महमूद गवान याचा मदरसा आहे, १४७२ चा. दोन मिनारांपैकी एकच उरलाय, त्यावर निळ्या-हिरव्या फरश्या अजून चिकटून आहेत. खोट्या पत्रावरून सुलतानाने याच गवानला १४८१ मध्ये मारलं, हे माहीत असलं की तिथं उभं राहणं वेगळंच वाटतं.

मग चौबारा या गावातल्या जुन्या बुरुजाजवळ बिदरीचे, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी करणारे, कारागीर. एका शोरूममध्ये आम्हाला रंग मारलेला डबा बिदरी म्हणून दाखवला, म्हणून थेट जिथं काम चालतं तिथंच जा. जस्त-तांब्याची ओतीव वस्तू, तिच्यावर मोरचूद लावून तात्पुरता काळा रंग देतात, मग नुसत्या हाताने नक्षी कोरायची आणि त्या खाचेत केसासारखी चांदीची तार हातोडीने बारीक ठोकत बसवायची. शेवटी किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर, गरम करून चोळलं की धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. आमच्या डोळ्यांसमोर झालं हे, आई तर उठायलाच तयार नव्हती. एवढ्याशा डबीला किती दिवस जातात ते बघितल्यावर भाव करायची इच्छाच होत नाही, करूही नका.

अष्टूर मात्र आम्ही शेवटी ठेवलं ते चुकलं. गावाबाहेर शेतांमध्ये बहमनी सुलतानांचे घुमट ओळीने उभे आहेत, त्यातला सुलतान हुमायूनचा (मुघल नव्हे, बहमनी) तर अर्धा कोसळलाय, भोपळा चिरल्यासारखा आतून दिसतो. राजधानी बिदरला आणणारा सुलतान अहमदशहा वली, त्याच्या कबरीच्या घुमटात आतून सोनेरी-लाल चित्रं आणि अक्षरं आहेत. त्याला हिंदू-मुसलमान दोघंही मानतात, उरुसाला लिंगायत जंगम येतात. आत अंधार असतो. तिथल्या एका काकांनी दारात आरसा धरून उन्हाची तिरीप वर टाकली, फिरवत फिरवत एकेक वेल दाखवली, आणि पाचच मिनिटांत ऊन उतरलं तर अर्धं छत बघायचंच राहिलं. म्हणून अष्टूर दुपारी करा, आणि ऑटो थांबवूनच ठेवा, आमचा निघून गेला आणि आईला घेऊन रस्त्यापर्यंत चालत यावं लागलं.