बायपॅप मशीन, एस/टी मोडवालं: एमएनडी पेशंटच्या घरचा रिव्ह्यू

बायपॅपचे, म्हणजे मास्कमधून हवा देऊन श्वासाला आधार देणाऱ्या मशीनचे, नेटवर जेवढे रिव्ह्यू सापडले ते जवळपास सगळे घोरण्याच्या नाहीतर स्लीप ॲप्नियाच्या (झोपेत श्वास थांबण्याच्या) पेशंटचे, त्यांची गरज वेगळी आणि आपली वेगळी, म्हणून सविस्तर लिहितेय. आमच्या बाबांना एएलएस आहे, मोटर न्यूरॉन डिसीजमधला (एमएनडी) सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. मशीन आधी भाड्यानं घेतलं, मग विकतच घेतलं.

मशीन कशासाठी लागतं हे दुकानात कुणी समजावून सांगत नाही. मेंदूतल्या आणि मणक्याच्या आतल्या ज्या पेशी स्नायूंना हलायला सांगतात त्या या आजारात एकेक करून मरत जातात, त्यामुळं हात-पाय बारीक होतात, कुणाचं बोलणं जड होतं, पाणी पिताना ठसका लागतो, आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला मोठा स्नायू, तोही थकतो. फुप्फुसं चांगलीच असतात, भाता ओढणारा हात थकलेला असतो. बाबांना उताणं झोपता येईना, उशांची चळत लावून बसल्या बसल्या डुलकी काढायचे, सकाळी उठले की डोकं जड आणि दिवसभर पेंग. रात्री श्वास उथळ चालतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, साचतो, म्हणून हे सगळं. असं दिसलं तर न्यूरोच्या डॉक्टरांना फुंकायची टेस्ट आणि रक्तातल्या गॅसची टेस्ट विचारा, पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका.

आणि कृपा करून ओळखीच्या कुणाचं ऐकून नुसतं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणून लावू नका. श्वासाला आधार न देता नुसता ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साचू शकतो, पेशंट गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं छान झोप लागलीय. डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि ते सांगतील तेवढाच.

सीपॅप एकाच प्रेशरची हवा देतं. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी देतं, आणि एस/टी मोड असेल तर पेशंटचा श्वास यायला उशीर झाला की ठरलेल्या वेळी मशीन स्वतः श्वास देतं. आपल्याला हेच पाहिजे. प्रिस्क्रिप्शनवर एस/टी स्पष्ट लिहिलेलं असताना आम्ही पहिल्यांदा गेलो त्या दुकानदारानं "ताई, सेमच आहे, हे स्वस्तात पडेल" म्हणून साधं ऑटो सीपॅप पुढं केलं. आजारी माणसाच्या घरच्यांना असं सांगवतं तरी कसं याचा मला अजून संताप येतो. खोक्यावरचं मॉडेल आणि मोड डॉक्टरांना फोटो काढून पाठवा, मगच पैसे द्या.

आता मास्क. मशीनपेक्षा जास्त डोकेदुखी मास्कचीच. दुकानात खुर्चीवर बसून छान बसतो आणि घरी आडवं झालं की डोळ्यांच्या बाजूनं हवा सुटते, मशीन टींटीं करत राहतं. पट्टा आवळला तर नाकाच्या हाडावर लाल चट्टा, मग तिथं जेलची पट्टी लावावी लागली. बाबांना नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला होता, पण त्यांचे हात उचलत नाहीत, रात्री उलटी आली तर मास्क काढणार कोण? शेवटी डॉक्टरांना विचारून नुसत्या नाकावरचा घेतला आणि तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीचा पट्टा. तरी आई शेजारच्या कॉटवर झोपते आणि बाबांच्या पायाशी दाबायची बेल ठेवलीय, पाय अजून चालतात म्हणून. सुरुवातीला ते वैतागले, पोटात हवा जाऊन फुगायचं, "काढ गं हे" म्हणायचे. दिवसा टीव्ही बघताना थोडा थोडा वेळ लावून सवय केली, प्रेशर डॉक्टरांनी हळूहळू वाढवलं, मग एके सकाळी आपणहून म्हणाले, "डोकं दुखत नाहीये आज." त्या दिवसापासून मास्कबद्दल तक्रार नाही.

लाईटचं आधी बघून ठेवा. आमच्या मशीनला आतली बॅटरी नाही, इन्व्हर्टर लागतोच, आणि लाईट गेली की ह्युमिडिफायरचा (हवेला ओलावा देणाऱ्या भागाचा) हीटर बंद करा, जास्त वीज तोच खातो. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला.

बरेच जण विचारतात एमएनडी म्हणजे सगळ्यांनाच हे लागणार का. नाही, प्रकारावर अवलंबून आहे. एएलएस बहुतेक पन्नाशी-साठीनंतर होतो, पुरुषांत थोडा जास्त, आणि शंभरातल्या पाच-दहा जणांतच तो घराण्यातून आलेला असतो, संसर्गाचा तर प्रश्नच नाही (शेजारचे पोरांना आत पाठवेनात, म्हणून मुद्दाम लिहिलं). तरण्या मुलांचा एकच हात बारीक होणारा हिरायामा म्हणून प्रकार आहे, तो आपल्याकडं आणि जपानात दिसतो, काही वर्षांनी बहुतेकदा थांबतो, त्यात श्वासाचा त्रास सहसा नसतो. लहान बाळांना होणारा एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी) वेगळा, त्यांचे मास्क आणि सेटिंग मुलांच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचे. एएलएसमध्ये मात्र लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेकांना दोन ते पाच वर्षं मिळतात. लोक शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं नाव घेतात, एकविसाव्या वर्षी निदान होऊनही ते वयाच्या 76व्या वर्षापर्यंत जगले, पण ते फार विरळा. मशीननं आजार थांबत नाही, पण झोप मिळते आणि आयुष्यही वाढतं, हे अभ्यासात दिसलंय. ज्यांचं बोलणं-गिळणं फार बिघडलंय त्यांना फायदा कमी होतो, लाळ आडवी येते, तिथं लाळ ओढून काढणारं सक्शन मशीनही विचारून घ्या.

मशीनला पाचपैकी साडेचार. भाड्यानं देणाऱ्यांच्या सर्व्हिसला दोनच, कारण रात्री अलार्म वाजला तेव्हा फोन कुणी उचलला नाही. पहिला महिना भाड्यानंच घ्या, मास्क बदलून मिळेल असं बिलावर लिहून घ्या, आणि ट्रायल देताना पेशंटला आडवं झोपवूनच बघा.