थाळी, बार्बेक्यू की ब्रेकफास्ट: डाएट चालू असताना कुठल्या बुफेला हो म्हणावं?

ऑफिसच्या ग्रुपवर पोल पडलाय. 'शनिवारी टीमचं खाणं: अनलिमिटेड थाळी, बार्बेक्यू की हॉटेलातला ब्रेकफास्ट बुफे?' तुमचं डाएट सुरू होऊन पाच आठवडे झालेत, काटा साडेतीन किलोनं खाली आलाय, आणि 'मी नाही येत' हे कारण मागच्या वेळी वापरून झालंय. आता बोट कशावर ठेवायचं?

मी या तिन्ही ठिकाणी डाएट चालू असतानाच जेवले आहे, बहुतेक वेळा नवऱ्याबरोबर. तो पक्का शाकाहारी, मी मासे-चिकन खाणारी, आणि दोघांचंही वजन डॉक्टरांच्या डोळ्यांवर आलेलं. त्यामुळे एकाच टेबलावर दोन प्रयोग आपोआप झाले. त्यावरून एवढं कळलं की मेन्यू बघून ठरवण्यात फारसा अर्थ नाही. खाण्याजोगं तिन्हीकडे मिळतं, घात करणारंही तिन्हीकडे. बघायचं ते हे, की आपल्या ताटात घालणारा हात कोणाचा. थाळीत वाढपी घालतो. बार्बेक्यूत वेटर न विचारता आणून ठेवतो. ब्रेकफास्टला आपण उठून जातो.

बुफेत जास्त का खाल्लं जातं याचं एक कारण जुनंच आहे. 1981 साली बार्बरा रोल्स या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना सँडविचेस खायला दिली. चार वेगवेगळ्या सारणांची मिळाली तेव्हा लोकांनी एकाच सारणाच्या सँडविचेसपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त खाल्लं. एका चवीला जीभ कंटाळते आणि तो कंटाळा आपल्याला पोट भरल्यासारखा वाटतो. चव बदलली की भूक परत हजर. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. शेवटच्या भाताला पोटात जागा नसते आणि जिलबी आली की ती कुठून तरी होते.

आता थाळी. पुण्यात थाळी म्हटलं की टिळक रस्त्यावरचं दुर्वांकुर, आपटे रस्त्यावरचं श्रेयस ही नावं निघतात. तुमच्या गावात तुमची असतील. डाएटवाल्याला थाळी भिववते ती वाढप्यांमुळे. ते वाईट नसतात, उलट फार चांगले असतात, तीच अडचण. 'ताई, एक गरम घ्या' म्हणेपर्यंत फुलका ताटात पडलेला असतो, मागोमाग तुपाचं भांडं येतं. आमच्या ह्यांना एकदा ताटावर हात आडवा धरायची सवय लागली होती. एका ठिकाणी वाढप्याचं लक्ष पलीकडच्या टेबलावर होतं, त्याच्या हातानं सवयीनं आपलं काम केलं, आणि पळीभर तूप ह्यांच्या बोटांवर. बोटं चाटली, म्हणजे तेही पोटातच गेलं.

वाढप्याची भाषा मात्र सोपी आहे: रिकामी जागा दिसली की भरायची. म्हणून वाटी पूर्ण रिकामी करायचीच नाही. तळाशी दोन घास उसळ ठेवा, फुलक्याचा चतकोर शेवटपर्यंत ताटात राहू द्या. सारखं 'नको नको' म्हणण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण आपल्याकडे पहिलं 'नको' कोणी खरं धरत नाही.

थाळीची खरी ताकद ताटाच्या डाव्या बाजूला आहे. आपल्या पद्धतीत मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, आणि भाजी, उसळ, आमटी उजवीकडे. डावीकडचं चवीपुरतं वाढायचं अशी रीत. डाएटमध्ये ही रीत उलटी करा. बसल्या बसल्याच सांगा, 'कोशिंबीर वाटीत द्या, आणि दोन द्या.' अनलिमिटेडच आहे, कोणी नाही म्हणत नाही. फक्त कोशिंबिरीत साईचं दही आणि साखर सढळ नाही ना, एवढं चाखून बघा. मग उसळ दोन वाट्या, पालेभाजी, ताक. हे सगळं अर्धं झाल्यावर कोरडे फुलके मागवा, भाकरी असेल तर उत्तमच.

भात-पोळी मागे ठेवण्यालाही आधार आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल या वैद्यकीय महाविद्यालयात 2015 साली टाइप टू मधुमेह असलेल्या 11 जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, कर्बोदकं शेवटी असा क्रम असताना तासाभरानंतरची रक्तशर्करा उलट क्रमापेक्षा सुमारे 37 टक्के कमी निघाली. अकराच माणसं, म्हणून डोक्यावर घेऊन नाचण्यासारखं नाही, पण करायला फुकट आहे. तुम्ही मधुमेहाची औषधं घेत असाल तर जेवणाची वेळ आणि प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आकडे हवे असतील तर माझा ढोबळ हिशोब असा. तीन पुऱ्या, तूप लावलेले दोन फुलके, बटाट्याची भाजी, उसळ, आमटी, दोन कोथिंबीर वड्या, मसालेभात आणि दोन वाट्या श्रीखंड: अठराशे कॅलरीच्या आसपास. बऱ्याच बायकांचा तेवढा दिवसभराचा कोटा असतो. तीच थाळी दोन कोरडे फुलके, दोन वाट्या उसळ, दोन कोशिंबिरी, पालेभाजी, ताक आणि अर्धी वाटी वरणभात अशी जेवलात तर आठशेच्या घरात बसते. त्यात अर्धी वाटी श्रीखंड घातलं तरी साडेनऊशे. जागा तीच, बिल तेच. पुरी टाळण्याचा फायदा मोठा आहे हे लक्षात घ्या: एक मध्यम पुरी जवळपास शंभर कॅलरीची, आणि माणूस एक पुरी खाऊन थांबलाय असं मी अजून पाहिलेलं नाही.

थाळीचा आणखी एक गुण म्हणजे ती लवकर संपते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत पाळणारे तुमच्या ऑफिसात दोन-चार असतीलच: दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं. थाळी त्या 55 मिनिटांत आरामात बसते. बार्बेक्यू बसत नाही. तिथे दोन तास सहज जातात.

बार्बेक्यूचा थाट तुम्हाला माहीत असेलच. टेबलाच्या मधोमध पेटलेली शेगडी, तिच्यावर सळया, बाजूला छोटासा झेंडा. झेंडा उभा आहे तोवर स्टार्टर येत राहणार. आडवा केला की थांबणार. ही कल्पना डाएटवाल्यासाठी खरं तर वरदान आहे, कारण 'पुरे' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. पण झेंडा टेबलाला एकच असतो, आणि टेबलावर बसलेले आठ.

इथे आमच्या घरातल्या दोन प्रयोगांचे निकाल पार वेगळे लागले. मी चिकन टिक्का, मासे, कोळंबी असं खाल्लं. टिक्क्याचा एक तुकडा साधारण 40 ते 50 कॅलरी, बहुतेक सगळी प्रथिनं. आठ तुकड्यांत पोट खरोखर भरतं. मलाई टिक्का सोडला, तळून आलेलं चिकन सोडलं. वेटर मधूनमधून ब्रशनं सळयांवर तेल-बटर फिरवतो, त्याला 'आमच्या बाजूला नको' म्हटलं की तो फिरवत नाही.

नवऱ्यापुढे काय आलं? कुरकुरीत बटाटे वर मेयोनीजसारख्या सॉसचे, तळलेला मका, मलईत घोळलेला ब्रोकोली, साखर लावून भाजलेला अननस, पनीर. यातलं पनीर चालेल असं धरू, पण शंभर ग्रॅम पनीर म्हणजे तीनशेच्या जवळपास कॅलरी, आणि ते तेलात न्हालेलं. मशरूम आणि ढोबळी मिरची तेवढी बरी होती. त्या बापड्यानं थाळीत केली असती त्यापेक्षा जास्त कसरत केली आणि शेवटी उपाशी राहिल्यासारखं वाटतंय म्हणून बिर्याणी घेतली. शाकाहारी माणसानं वजन कमी करायला बार्बेक्यूला जावं, असं मला मुळीच वाटत नाही.

सामिष खाणाऱ्यालाही इथे एक खड्डा आहे. स्टार्टर म्हणजे सुरुवात, असं नावच सांगतं. दोन तास सळया खाऊन झाल्यावर वेटर अदबीनं म्हणतो, 'मेन कोर्स घेऊन या, सर.' आणि सगळं टेबल उठतं. तिथे माझा नियम एकच: स्टार्टर हेच जेवण. मेन कोर्सच्या काउंटरवर जायचं ते फक्त सॅलड आणि वाटीभर डाळीसाठी. गोडाचं एकच, आणि ते आधी ठरवून. बऱ्याच ठिकाणी कुल्फीचे छोटे तुकडे करून हवं ते वर घालून देतात. साधी कुल्फी दोन तुकडे घेतली तर चालतं. तिच्यावर सिरप, सब्जा, शेवया, सुकामेवा चढला की ती फालुदा होते. मॉकटेल मात्र सरळ सोडा. त्यापेक्षा लिंबू पिळलेला सोडा, मीठ घालून.

राहिला ब्रेकफास्ट बुफे, आणि माझ्या मते तिन्हींत तोच सगळ्यांत सोपा. एक तर तुम्ही स्वतः उठता. प्रत्येक वाढीमागे वीस पावलं आणि एक विचार असतो. दुसरं, ऑम्लेट तुमच्यासमोर होतं. 'दोन अंडी, भाज्या भरपूर, तेल अगदी थोडं' एवढं बोलता आलं की अर्धं काम झालं. शाकाहाऱ्याला इडली-सांबार, कडधान्यांची चाट, दही, फळं. सांबार दोन वाट्या प्या, कोणी बघत नाही. आणि साडेनऊला नीट खाल्लं की दुपारचं जेवण बहुतेक वेळा आपोआप गळतं.

फसवणूक इथेही आहे, फक्त ती आरोग्याच्या वेषात येते. ज्यूसचा 200 मिलीचा ग्लास म्हणजे सहज 18-20 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना मोकळी साखर (म्हणजे वरून घातलेली, शिवाय मध-ज्यूसमधली) दिवसाला साधारण 25 ग्रॅमच्या आत असावी असं सुचवते, आणि ज्यूसमधली साखर त्यातच धरते. म्हणजे एका ग्लासात दिवस जवळजवळ संपला. मग म्यूस्ली, मध, क्रोसाँ. क्रोसाँ तर लोण्याचाच. फळ खा, पिऊ नका.

ब्रेकफास्टची अडचण वेगळीच आहे: शनिवारी सकाळी साडेआठला टीम येत नाही. चार-पाच जणांचा गट असेल तर जमतं, पंचवीस जणांचं नाही. रविवारचा ब्रंच याच जातीतला समजू नका. दारू, तीन तास आणि सहा प्रकारच्या मिठाया. डाएट चालू असताना त्याचा विचारही नको.

'छोटी ताटली घ्या', 'आधी सगळ्या काउंटरवरून एक चक्कर मारा' असे सल्ले तुम्ही वाचले असतील. बुफेत माणसं कशी खातात यावर गाजलेलं बरंच संशोधन कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वान्सिंक यांच्या प्रयोगशाळेतून आलं. 2018 साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकसमूहानं त्यांचे सहा निबंध एकाच दिवशी मागे घेतले आणि विद्यापीठानं त्यांच्यावर संशोधनातल्या गैरप्रकाराचा ठपका ठेवला. म्हणून चक्कर मारणं हे शास्त्र म्हणून मी सांगणार नाही. मला जमतं, एवढंच. रिकाम्या हातानं फिरलं की निदान तीन प्रकारचे भात तरी ताटात येत नाहीत.

पैसे वसूल करण्याबद्दल थोडं. आपण टेबलावर बसलो तेव्हाच पैसे गेलेले असतात. गुलाबजाम सहा खाल्ले तरी गेले, शून्य खाल्ले तरी गेले. तरी वसूल करायचंच असेल तर महाग काय ते खा: कोळंबी, मासे, चांगली फळं. भात, नान, बटाटा हे हॉटेलला सगळ्यांत स्वस्त पडतं, म्हणून तर ते आधी आणि मुबलक येतं. आणि सकाळपासून उपाशी राहून जाऊ नका. निघण्याआधी वाटीभर दही किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे खा. उपाशी माणसाचा पहिला हात नेहमी भज्यांवर जातो.

तर पोल. तुम्ही सामिष खात असाल आणि झेंडा आडवा करायची हिंमत असेल तर बार्बेक्यू, तेही दुपारचं. रात्री तेवढं खाऊन झोपवत नाही. शाकाहारी असाल तर थाळी, डावी बाजू भरून. छोटा गट असेल आणि उठवत असेल तर ब्रेकफास्ट, दोघांसाठीही. थाळी ठरली तर आदल्या दिवशी फोन करून ज्वारीची भाकरी मिळते का विचारा. काही ठिकाणी आधी सांगितलं तर करतात.

आणि रविवारी सकाळी काट्यावर चढू नका. हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त असतं, त्यानं अंगात पाणी धरतं, आणि काटा एखादा किलो वर दाखवतो. ती एका दिवसात चढलेली चरबी नसते. बुधवारी बघा.